लहान विद्यापीठातून संगणकशास्त्र: प्रवेशापासून पहिल्या नोकरीपर्यंत

नावाजलेल्या विद्यापीठातून पदवी घेतली की अर्ज वाचणारा अनोळखी माणूस त्या नावावरच थोडाफार भरवसा ठेवतो. लहान विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला तो भरवसा दुसऱ्या वाटेने मिळवावा लागतो. समोरच्याला पाच मिनिटांत तपासता येईल असं काहीतरी हाताशी हवं: चालणारा प्रोग्रॅम, वाचण्याजोगा कोड किंवा शिक्षकाने नेमकेपणाने लिहिलेलं पत्र. शिकवण्यात लहान विभाग मागे असतोच असं नाही, कारण डेटा स्ट्रक्चर सगळीकडे तीच शिकवतात. उणीव भासते ती पर्यायी विषयांची, सोबत शिकणाऱ्यांच्या संख्येची आणि कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्यांची. पुढच्या पायऱ्या या तीन उणिवा धरूनच आखल्या आहेत.

१. प्रवेशाआधी अभ्यासक्रम वाचा

माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि विषयवार अभ्यासक्रमाची पूर्ण प्रत मागा. डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम, संगणक रचना, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क आणि डिस्क्रीट गणित हे सहा विषय त्यात स्वतंत्रपणे हवेत. शिवाय संभाव्यता आणि रेषीय बीजगणित यांचा किमान एकेक पेपर. पदवीच्या नावात कृत्रिम बुद्धिमत्ता किंवा डेटा सायन्स आहे, आणि त्याला जागा करून देताना ऑपरेटिंग सिस्टिम किंवा नेटवर्क गाळलंय असं दिसलं, तर ती पदवी टाळलेली बरी. एखादी लायब्ररी वापरायला पुढे महिनाभरात शिकता येतं. प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) आणि थ्रेड (त्याच्या आत समांतर चालणारा कामाचा धागा) यांच्यातला फरक मात्र नोकरीत कुणी बसवून शिकवत नाही.

मग पर्यायी विषयांची यादी पाहा. सहा-सात पूर्णवेळ शिक्षकांच्या विभागाने पंचवीस पर्यायी विषय छापले असतील, तर त्यातले बरेचसे कागदावरच राहतात, कारण पुरेसे विद्यार्थी जमल्याशिवाय वर्ग सुरू होत नाही. म्हणून सरळ विचारा, 'गेल्या दोन वर्षांत यातले कोणते विषय प्रत्यक्ष शिकवले गेले?' नियमित तासांनंतर प्रयोगशाळा किती वेळ उघडी असते, विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत मदतनीसाचं किंवा विभागाचे सर्व्हर सांभाळायचं काम मिळतं का, हेही विचारा. गेल्या वर्षीच्या अंतिम प्रकल्पांची यादी मागा. 'ग्रंथालय व्यवस्थापन प्रणाली' तीत चार वेळा आली असेल तर काय ते समजून घ्या. पदवीला मान्यता आहे का, हे मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीतच पाहावं, विद्यापीठाच्या तोंडी उत्तरावर विसंबू नये.

२. पहिलं सत्र: लॅपटॉप, लिनक्स, गिट

१६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी असलेला लॅपटॉप पदवी संपेपर्यंत पुरतो. ८ जीबीवरही निभतं, फक्त व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालणारा दुसरा संगणक) आणि ब्राउझर एकाच वेळी उघडले की यंत्र रेंगाळतं. महागड्या ग्राफिक्स कार्डावर पैसे घालू नका. मशीन लर्निंगचे शिकाऊ प्रयोग साध्या प्रोसेसरवर किंवा ऑनलाइन नोटबुकवर होतात.

लिनक्स ही विंडोजसारखीच, पण खुली ऑपरेटिंग सिस्टिम आधी व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवा: ४ जीबी रॅम, २ कोअर, २५ जीबी डिस्क. बिघडलं तर पुसून पुन्हा बसवायला अर्धा तास लागतो. थेट डिस्कवर विंडोजशेजारी बसवायचं असेल, तर आधी सगळ्या फायलींची प्रत बाहेर काढा आणि डिस्क एन्क्रिप्शनची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बूटच्या सेटिंगला हात लागला की विंडोज ती की मागतं. की नसेल तर आतला डेटा तुमचा असूनही तुम्हाला दिसत नाही.

गिट, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास जपणारं साधन, पहिल्याच आठवड्यापासून वापरा. लिनस टॉरवाल्ड्सने २००५ साली लिनक्सच्या कर्नेलच्या (गाभ्याच्या) कामासाठी ते लिहिलं. आज बहुतेक संघ त्यावरच काम करतात, त्यामुळे ते येतंच असं गृहीत धरलं जातं. प्रत्येक असाइनमेंटची वेगळी रिपॉझिटरी (इतिहासासकटचा फोल्डर) करा, छोटे छोटे कमिट (बदलांच्या नोंदी) करा आणि संदेशात काय बदललं यापेक्षा का बदललं ते लिहा. नवशिक्यांच्या हातून इथे दोन गोष्टी हमखास होतात. पहिली म्हणजे पासवर्ड किंवा एपीआय की (बाहेरची सेवा वापरायची गुप्त किल्ली) कमिटमध्ये जाते. पुढच्या कमिटमध्ये ती फाइल काढून उपयोग नसतो, जुन्या इतिहासात ती तशीच राहते. अशा वेळी ती की लगेच रद्द करून नवी घ्यायची, बाकीची साफसफाई नंतर. दुसरी म्हणजे मोठा डेटासेट रिपॉझिटरीत टाकला जातो. रिपॉझिटरी ऑनलाइन ठेवायची सेवा असलेलं गिटहब १०० एमबीपेक्षा मोठी फाइल स्वीकारत नाही, आणि ती इतिहासात अडकलेली असल्यामुळे पुढचा प्रत्येक पुश (कमिट तिकडे पाठवणं) अडतो. डेटाचा फोल्डर पहिल्या कमिटच्या आधीच गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फायलींच्या यादीत, घाला.

३. एकच भाषा, नीट

पहिलं वर्षभर एकाच भाषेत राहा. विभाग सी शिकवत असेल तर सी, पायथन शिकवत असेल तर पायथन. त्यावरून वाद घालणाऱ्यांना घालू द्या. सी शिकताना मेमरी कशी असते ते दिसतं, पायथनमध्ये कल्पना लवकर उतरवता येते, आणि पदवी संपेपर्यंत दोन्ही लागतातच.

चूक दाखवणारा संदेश (एरर) वाचायची सवय लावून घ्या. सी-मध्ये कंपायलरने (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने) चाळीस चुका दाखवल्या तर सगळ्यात वरची दुरुस्त करून पुन्हा कंपाइल करा, कारण उरलेल्या बऱ्याचशा तिच्यातूनच निघालेल्या असतात. पायथनमध्ये उलट: ट्रेसबॅकची (चूक कोणत्या ओळींतून आली ते दाखवणाऱ्या यादीची) शेवटची ओळ आधी वाचायची, मग एकेक ओळ वर जात आपल्या फाइलचं नाव कुठे येतं ते पाहायचं. कंपायलरचे सगळे इशारे चालू ठेवा. ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम थांबवायची जागा) लावून डीबगर, म्हणजे चूक शोधायचं साधन, चालवायला पहिल्या सत्रातच शिका. जागोजागी प्रिंट लावून चूक शोधणं लहान प्रोग्रॅममध्ये जमतं, दोन हजार ओळींच्या कोडमध्ये जीव काढतं.

आकड्यांच्या मर्यादा एकदा स्वतः पाहून घ्या. ३२ बिटांच्या पूर्णांकात मावणारी सर्वात मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ आहे. म्हणून सी-मध्ये साध्या इंटवर (पूर्णांकाच्या प्रकारावर) १२ चा फॅक्टोरियल (१ ते १२ चा गुणाकार) ४७,९०,०१,६०० बरोबर येतो आणि १३ चा चुकतो, तोही कसलाही इशारा न देता. तसंच ०.१ अधिक ०.२ हे बहुतेक भाषांमध्ये नेमके ०.३ नसतात, कारण हे अपूर्णांक बायनरीत पूर्णपणे लिहिताच येत नाहीत. पैशाचा हिशेब फ्लोटमध्ये (अपूर्णांकांच्या प्रकारात) ठेवायचा नाही, तो याचसाठी.

४. मधली वर्षं: मुख्य विषय हाताने करून पाहा

परीक्षेपुरतं वाचून या विषयांत गुण मिळतात, मुलाखतीत मात्र दुसऱ्या प्रश्नाला गाडी थांबते. म्हणून प्रत्येक विषयातला एक प्रयोग अभ्यासक्रमात नसला तरी करा.

अल्गोरिदममध्ये लिंक्ड लिस्ट, हॅश टेबल, हीप, बायनरी सर्च ट्री आणि ग्राफची दोन्ही ट्रॅव्हर्सल स्वतः एकदा लिहा. मग एक लाख संख्या आधी बबल सॉर्टने लावा, नंतर मर्ज सॉर्टने. पहिल्यात क्रियांची संख्या १००० कोटींच्या घरात जाते, दुसऱ्यात साधारण १७ लाख. सेकंदाला १० कोटी साध्या क्रिया धरल्या तरी फरक घड्याळावर दिसतो.

डेटाबेससाठी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये १० लाख ओळींचं टेबल बनवा. इंडेक्स (पुस्तकातल्या सूचीसारखी शोधाची यादी) नसताना एका ईमेलवरून ओळ शोधा आणि क्वेरी प्लॅन, म्हणजे डेटाबेस शोध कसा घेणार याचा आराखडा, पाहा. तिथे 'स्कॅन' येईल, म्हणजे डेटाबेस सगळं टेबल चाळतोय. ईमेलवर इंडेक्स लावून पुन्हा पाहा, आता 'सर्च' दिसेल. त्यानंतर 'शेवटी अमुक अक्षरं असलेले ईमेल' असा शोध घ्या. इंडेक्स असूनही पुन्हा स्कॅन होतो, कारण इंडेक्स सुरुवातीच्या अक्षरांनुसार लावलेला असतो. या एका संध्याकाळच्या कामावर मुलाखतीतले डेटाबेसचे निम्मे प्रश्न सुटतात.

ऑपरेटिंग सिस्टिमसाठी सी-मध्ये दोन थ्रेड काढा आणि दोघांना एकच काउंटर दहा-दहा लाख वेळा वाढवायला लावा. उत्तर २० लाख यायला हवं, येतं त्याहून कमी, आणि दर वेळी वेगळं. वाढवणं ही यंत्राच्या दृष्टीने तीन कामं आहेत: वाचणं, एक मिळवणं, परत लिहिणं. दोन थ्रेडनी एकच जुनी किंमत वाचली की एकाची वाढ वाया जाते. कंपायलरचं ऑप्टिमायझेशन बंद ठेवा, नाहीतर कंपायलर सगळी वाढ एकाच बेरजेत उरकतो आणि चूक दिसतच नाही. मग म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) लावून उत्तर बरोबर येतं का आणि वेळ किती वाढतो ते मोजा.

नेटवर्कमध्ये छोटा चॅट सर्व्हर लिहा. जवळजवळ सगळे जण धरून चालतात की एकदा पाठवलेला संदेश पलीकडे एकाच वाचनात मिळतो. टीसीपी हा नेटवर्कवर डेटा पोचवायचा नियमसंच बाइटचा अखंड प्रवाह देतो, संदेशांच्या सीमा त्याला ठाऊक नसतात. एकाच यंत्रावर चाचणी घेतली की बहुधा सगळं ठीक चालतं, खऱ्या नेटवर्कवर मात्र संदेश तुटतात किंवा एकमेकांना चिकटून येतात. प्रत्येक संदेशाच्या आधी त्याची लांबी पाठवा.

संगणक रचनेसाठी वेगळं काही करायला वेळ मिळत नाही. मोठ्या द्विमिती अ‍ॅरेची बेरीज एकदा ओळींनुसार आणि एकदा स्तंभांनुसार करून वेळ मोजलात तरी कॅशे, म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी वेगवान मेमरी, कळेल.

५. विभाग लहान आहे, त्याचा उपयोग करा

शंभरच्या वर्गात शिक्षकाला तुमचं नाव ठाऊक नसतं, पंचवीसच्या वर्गात असतं. पण 'सगळं कठीण जातंय' असं म्हणत गेलात तर त्यातून काही निघत नाही. जाताना एक कागद न्या: काय करायचं होतं, काय करून पाहिलं, काय अपेक्षित होतं, काय झालं. वीस मिनिटांची भेट अशी सत्कारणी लागते.

हवा तो पर्यायी विषय सुरू होत नसेल तर स्वतंत्र अभ्यासाचा प्रस्ताव द्या. बऱ्याच विद्यापीठांच्या नियमांत अशी तरतूद असते, फक्त विचारायला कुणी जात नाही. प्रस्ताव एका पानाचा असावा: विषय, एक पाठ्यपुस्तक किंवा एक खुला अभ्यासक्रम, १२ ते १४ आठवड्यांचं वेळापत्रक, दर दोन आठवड्यांनी काय सादर करणार आणि मूल्यमापन कसं होणार. एमआयटी आपले अभ्यासक्रम ओपनकोर्सवेअरवर खुले ठेवते, त्यातल्या अनेकांत असाइनमेंट आणि परीक्षापत्रिकाही असतात. सत्र सुरू होण्याच्या किमान सहा आठवडे आधी एका शिक्षकाला गाठा. सत्र सुरू झालं की त्यांचं वेळापत्रक भरलेलं असतं आणि नकार शिष्टाचारापुरता गोड शब्दांत मिळतो.

लहान विद्यापीठातली सगळ्यात दुर्लक्षित संपत्ती म्हणजे शेजारचे विभाग. जीवशास्त्रात कुणीतरी हजारो फोटो हाताने मोजत असतं, भूगोलात कुणाची स्प्रेडशीट दर महिन्याला तुटते, ग्रंथालयाला जुन्या नोंदी नव्या प्रणालीत न्यायच्या असतात. या लोकांना प्रोग्रॅम लिहिणारा माणूस हवा असतो आणि तुम्हाला खरा वापरकर्ता. तो वापरकर्ता 'हे असं नको' म्हणतो, चुकीची फाइल टाकतो, निम्म्यात मत बदलतो. नोकरीत रोज हेच होतं. अर्जात 'एका संशोधन गटाचं दोन दिवसांचं काम वीस मिनिटांवर आणलं' असं खरेपणाने लिहिता आलं, तर पाच शिकाऊ प्रकल्पांहून त्याचं वजन जास्त.

सोबत्यांची उणीव मात्र मुद्दाम भरून काढावी लागते. तीन-चार जणांचा गट करून दर आठवड्याला एकमेकांचा कोड वाचा. आयसीपीसी या प्रोग्रॅमिंग स्पर्धेत संघ तिघांचा असतो, संगणक एक आणि वेळ पाच तास. जिंकण्याची शक्यता नसली तरी तयारीसाठी हा साचा उत्तम आहे. मुक्तस्रोत (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा) प्रकल्पात शिरायचं तर आधी योगदानाचे नियम वाचा. मग कुणीतरी नोंदवलेला बग आपल्या यंत्रावर पुन्हा घडवून दाखवा, नेमक्या पायऱ्या लिहा, जमल्यास टेस्ट जोडा. न विचारता पाठवलेला पाचशे ओळींचा बदल बहुतेक वेळा कुणी वाचतही नाही. नवोदितांना मुक्तस्रोत प्रकल्पांत काम देणारा, २००५ पासून चालणारा गूगल समर ऑफ कोड हा उपक्रम २०२२ पासून विद्यार्थी नसलेल्या नवोदितांसाठीही खुला आहे. निवड व्हायची तर त्या प्रकल्पात आधीच काही महिने वावर असलेला बरा.

६. अंतिम प्रकल्प

प्रकल्प बुडतात ते बहुधा क्रम चुकल्यामुळे. पहिला महिना लॉगिन आणि रंगसंगतीत जातो, मूळ काम शेवटच्या तीन आठवड्यांत कोंबलं जातं. उलट क्रम घ्या. चौथ्या आठवड्याअखेर एक अगदी बारीक धागा आरपार चालला पाहिजे: इनपुट आत जातं, मूळ प्रक्रिया होते, उत्तर बाहेर येतं. दिसायला ओबडधोबड असलं तरी चालेल. डेटा बाहेरून मिळणार असेल तर तो हातात आल्याशिवाय विषय पक्का करू नका. शेवटचे दोन आठवडे नवं काही जोडायचं नाही, फक्त चुका काढायच्या आणि लिहायचं.

मशीन लर्निंगचा प्रकल्प असेल तर अचूकतेच्या आकड्यावर लगेच भुलू नका. १०० पैकी ९८ नमुने निरोगी असतील, तर प्रत्येकाला निरोगी म्हणणारा प्रोग्रॅमही ९८ टक्के अचूक ठरतो. प्रिसिजन (आजारी म्हटलेल्यांपैकी खरे आजारी किती) आणि रिकॉल (खऱ्या आजाऱ्यांपैकी सापडले किती) वेगळे दाखवा. एकाच व्यक्तीचे फोटो ट्रेनिंग (शिकवण्याच्या) आणि टेस्ट (तपासण्याच्या) अशा दोन्ही संचांत गेले नाहीत ना, तेही पाहा. तसं झालं तर मॉडेल आजार ओळखण्याऐवजी माणूस ओळखायला शिकतं आणि आकडे सुंदर दिसतात.

कोड लिहून देणारी एआय साधनं वापरायची असतील तर एक नियम ठेवा: जी ओळ तोंडी समजावता येत नाही ती प्रकल्पात ठेवायची नाही. ही साधनं कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या लायब्ररीचं नाव सुचवतात. ते नाव तपासल्याशिवाय इन्स्टॉल करणं धोक्याचं, कारण त्याच नावाने कुणीतरी घातक कोड चढवून ठेवलेला असू शकतो.

शेवटची चाचणी सोपी आहे. रिपॉझिटरीची लिंक अशा मित्राला द्या ज्याने प्रकल्प पाहिलेला नाही, आणि काही न सांगता फक्त रीडमी (प्रकल्पासोबतची माहितीची फाइल) वाचून तो पंधरा मिनिटांत प्रोग्रॅम चालवू शकतो का बघा. जिथे तो अडतो तिथे रीडमी अपुरी आहे.

७. कोणत्या कामांकडे जाता येतं

सॉफ्टवेअर डेव्हलपर ही सगळ्यात रुंद वाट. बॅकएंडला (पडद्यामागे सर्व्हरवर चालणाऱ्या भागाला) डेटाबेस आणि नेटवर्क लागतं, फ्रंटएंड (वापरणाऱ्याला दिसणारा भाग) आणि मोबाइलला वापरणाऱ्याची नजर लागते. नव्यांसाठी फ्रंटएंडला गर्दी जास्त. एम्बेडेड कामात (उपकरणांच्या आतले प्रोग्रॅम लिहिण्यात) सी, डेटाशीट (सुट्या भागाची तांत्रिक माहिती) वाचायची चिकाटी आणि ऑसिलोस्कोपची (विद्युत संकेत दाखवणाऱ्या यंत्राची) भीती नसणं पुरतं. तिथे गर्दी कमी असते, आणि मुलं ही वाट उगाच सोडून देतात असं आमचं मत आहे. सिस्टिम अ‍ॅडमिन किंवा डेव्हऑप्सकडे (सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवून चालू ठेवायच्या कामाकडे) जायचं तर विद्यापीठाच्या सर्व्हरवर केलेलं विद्यार्थी काम थेट अनुभवात धरलं जातं.

डेटा सायंटिस्ट या नावाच्या जागांना बऱ्याचदा पदव्युत्तर पदवी मागतात. पदवीनंतर लगेच शिरायचं तर डेटा इंजिनिअर किंवा अ‍ॅनालिस्टचं दार जवळचं आहे, आणि तिथे एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, किती येते ते बघतात. सायबर सुरक्षेतही तसंच. आधी नेटवर्क किंवा सिस्टिम सांभाळलेल्या माणसाला तिथे प्राधान्य मिळतं, कारण काय नेहमीचं आहे हे ठाऊक असल्याशिवाय वावगं काय ते ओळखता येत नाही. टेस्टिंग आणि तांत्रिक सपोर्ट यांना कमी लेखू नका. मात्र जागा स्वीकारण्याआधी विचारा की ऑटोमेशनचा कोड लिहायला मिळेल का, आणि आधीचे लोक त्या जागेवरून पुढे कुठे गेले.

८. नोकरीचा शोध

पदवी संपायच्या नऊ-दहा महिने आधी सुरुवात करा. कॅम्पसवर कंपन्या कमी येतात, त्यामुळे बहुतेक अर्ज बाहेरच करावे लागतात. बायोडेटा एका पानाचा, एका स्तंभात, ज्यातला मजकूर निवडून कॉपी करता येतो अशा पीडीएफमध्ये. दोन स्तंभ, चौकटी आणि चित्रं यांनी अर्ज छाननीच्या सॉफ्टवेअरचा गोंधळ उडतो. प्रत्येक प्रकल्पाखाली दोन-तीन ओळी: काय अडचण होती, तुम्ही स्वतः काय केलं, परिणाम किती. 'संघाने केलं' असं लिहिलं की तुमचा वाटा काय हा प्रश्न येणारच.

विभागाच्या माजी विद्यार्थ्यांची यादी मागून घ्या. लहान विभागात ती छोटी असते, पण त्यातले लोक उत्तर देतात. पत्र सहा ओळींचं पुरे: तुम्ही कोण, त्यांच्या कंपनीतली नेमकी कोणती जागा, तुमचं एक काम लिंकसह, आणि पंधरा मिनिटं बोलता येईल का. पहिल्याच पत्रात नोकरी मागू नका. पाठवलेले अर्ज एका तक्त्यात ठेवा: तारीख, जागा, कोणता बायोडेटा, पुढची पायरी. तीस अर्जांनंतर एकही बोलावणं नसेल तर दोष बायोडेटात शोधा. बोलावणं येतंय पण पहिल्या फेरीत थांबतंय, तर सराव कमी पडतोय.

कोडिंगच्या फेरीसाठी पाचशे प्रश्न घोकण्यापेक्षा प्रकारवार ८०–१०० प्रश्न नीट सोडवा. प्रश्न मिळाला की लगेच लिहायला बसू नका. तो आपल्या शब्दांत परत सांगा, एक छोटं उदाहरण हाताने सोडवा, सरळसोट उपाय आणि त्याचा खर्च सांगा, मग सुधारा. लिहून झाल्यावर रिकामी यादी, एकच घटक, सगळे सारखे, ऋण संख्या यांवर स्वतः चालवून दाखवा. हे सगळं मोठ्याने बोलत करायचं, म्हणून सराव मित्रासमोरच व्हायला हवा.

प्रकल्पावर हटकून येणारे प्रश्न: हाच डेटाबेस का निवडला, डेटा दसपट झाला तर आधी काय मोडेल, पुन्हा करायचं झालं तर काय बदलाल. तिसऱ्याला 'काही नाही' हे उत्तर देऊ नका.

नोकरी देण्यासाठी किंवा प्रशिक्षणासाठी आधी पैसे मागणारी जागा सोडून द्या. नियुक्तीपत्रात कामाचं स्वरूप, प्रोबेशनचा काळ, नोटीसची मुदत आणि मुदतीआधी सोडल्यास भरपाईची अट आहे का, हे सही करण्याआधी वाचा. तोंडी दिलेली आश्वासनं ईमेलवर मागून घ्या.

पदव्युत्तर शिक्षणाकडे वळायचं असेल तर गणिताचे गुण, प्रकल्पाचा अहवाल आणि शिफारसपत्रं यांवर मदार असते. पत्रासाठी शिक्षकांना किमान चार आठवडे आधी सांगा, आणि सोबत अंतिम तारखांची यादी, गुणपत्रिका, त्यांच्या विषयात तुम्ही केलेलं काम आणि अर्जाचा मसुदा द्या. शिक्षकाने तुमचा थ्रेडचा प्रयोग किंवा भूगोल विभागासाठी लिहिलेला प्रोग्रॅम स्वतः पाहिलेला असेल, तर पत्रात 'हुशार आणि मेहनती' याच्या जागी त्या कामाचं वर्णन येतं. निवड समिती तेच शोधत असते.